दोन मजल्यांच्या मध्ये

"अहो, थांबा जरा... तुमचा हीरो मेला!"

वाचनालयाच्या जिन्यात अनोळखी माणसाने मागून अशी हाक मारली, तर सभ्य मुलीने चालण्याचा वेग वाढवावा. ती थांबली. कारण हीरो तिचाच होता, आणि कालच चौदाव्या पानावर तिने त्याला मारलं होतं.

हाक मारणारा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. अंगात निळा डगला, खिशात टेस्टर, बोटांवर न निघालेलं ग्रीस.

"चार नंबरच्या कॉम्प्युटरवर तुमच्यानंतर माझी वेळ असते. काल तुम्ही खातं उघडंच टाकून गेलात. मी बंद करणार होतो, पण... वाचत बसलो."

"दुसऱ्याचं वाचायला लाज नाही वाटली?"

"वाटली ना! नवव्या पानापर्यंत वाटत होती. मग लिफ्ट आली." त्याने चेहरा गंभीर केला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोर तुटला म्हणून लिफ्ट कोसळत नाही हो. बाकीचे दोर असतात. तेही गेले तर ब्रेक रुळाला धरून ठेवतो. तुमचा हीरो फार तर दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसेल."

"एकटाच?"

"ते तुमच्या हातात आहे," तो म्हणाला, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

घरापासून अकरा तासांवर ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. दिवसभर लोकांच्या नाकांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी तासभर पटकथा लिहायची. निघताना वडिलांनी बरोबर एक वर्ष दिलं होतं. "जमलं तर उत्तम. नाहीतर परत ये. इथल्या शाळेत मी शब्द टाकून ठेवलाय." वडिलांनी टाकलेले शब्द उचलायला घरातल्या कुणाला तरी जावंच लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

ती लिहायची ते संकेतस्थळ फुकट होतं, आणि फुकट गोष्टींचे असतात तेवढे नखरे त्यालाही होते. छापलं की प्रत्येक पानावर तिरकं 'मोफत आवृत्ती'. नव्वद दिवस कुणी फिरकलं नाही, तर पटकथा पुसून टाकणार. लेखक एकच. सोबत एक वाचक घेता यायचा, पण त्याने समासात शेरे लिहायचे, मजकुराला हात लावायचा नाही. लग्नाआधीच्या ओळखीला याहून सोज्ज्वळ नियम एखाद्या आत्यालाही सुचले नसते.

तिने हीरोला जिवंत केलं, हीरोईनला त्याच लिफ्टमध्ये चढवलं आणि लिफ्टवाल्याला वाचक नेमलं.

शेरे येऊ लागले. 'हीरोईन एका पानात सहा उसासे टाकते. दमा आहे का?' तिने खाली उत्तर दिलं : 'हीरो बावळट आहे, म्हणून.' दुसऱ्या दिवशी : 'बावळट नाही. विचार करतोय.' महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तिची वेळ संपायची तेव्हा तो खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. ती उठताना मुद्दाम वही विसरायची, तो ती जिन्यात आणून द्यायचा. खिडकीवर पाऊस टपटपत असला तर तेवढ्याला पाऊण तास लागायचा.

"तुझा हीरो लिफ्टमध्ये इतके दिवस राहिलाय, जेवतो काय?" एकदा त्याने विचारलं.

"प्रेमात भूक लागत नाही."

"मला लागते," तो म्हणाला... आणि जीभ चावून खाली बघत राहिला.

वर्ष संपायला आठवडा उरला तेव्हा एकच ओळ बाकी होती. लिफ्टचं दार उघडणार, आणि त्याआधी हीरो मनातलं बोलणार. तिने लिहिलं, 'तो :' आणि पुढे जागा कोरी सोडली. लिफ्टवाल्याने समासात काहीतरी सुचवावं, एवढीच तिची इच्छा होती. एक शब्द आला असता, तर तिने वडिलांचा शब्द परत केला असता.

समासही कोराच राहिला.

निरोपाला तो बसथांब्यावर आला. तिची बॅग दोनदा या हातातून त्या हातात घेतली.

"शेवटच्या ओळीवर काहीच लिहिलं नाहीस?" तिने विचारलं.

"ती जागा लेखकाची... मी वाचक."

या माणसाला आयुष्यात नियम मोडता येणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि नेमका त्याच क्षणी तो जास्त आवडला. म्हणून ती चिडली. "फोन करू नकोस. उगाच रडू येईल मला."

त्याने मान डोलावली. आणि खरंच केला नाही!

शाळा, स्टाफरूम, तपासायच्या वह्या. तीन वर्षं गेली. स्थळं दाखवून वडील दमले, नकार देऊन ती दमली नाही. पटकथा तिने पुन्हा उघडली नाही. नव्वद दिवस कधीच उलटले होते. पुसलेलं बघायला कशाला जायचं?

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत मेल आलं : 'आमची मोफत सेवा बंद होत आहे. आपली १ पटकथा उतरवून घ्यावी.'

एक पटकथा? तिने खातं उघडलं. सगळी पानं जागच्या जागी. कोऱ्या ओळीशेजारच्या समासात मात्र शेऱ्यांची रांग लागली होती. दर वेळी नव्वद दिवस भरायच्या आदल्या दिवशी एक, तारखेसह, लिफ्टच्या तपासणीच्या कार्डावर लिहितात तसा : 'तपासलं. ब्रेक ठीक. हीरो अजून आत.' असे बारा शेरे. शेऱ्यांची सूचना पाठवणं ही पैसेवाल्या खात्याची सोय असल्यामुळे तिला यातलं काहीच कळलं नव्हतं. बारावा थोडा लांब होता : 'फोन करू नकोस म्हणाली होतीस. वाचू नकोस म्हणाली नव्हतीस.'

वाचकाच्या चित्राशेजारी हिरवा ठिपका पेटलेला होता. म्हणजे बंद होण्याचं मेल त्यालाही गेलं होतं. तो आत्ता, या क्षणी, त्याच पानावर होता.

ती एक वाक्य लिहायला गेली आणि थांबली. मग तिने वाचकाच्या नावासमोरचं 'लेखक करा' दाबलं. लेखक एकच असल्यामुळे ती आपोआप वाचक झाली.

कोऱ्या जागेत दुसऱ्या कुणाची तरी रेघ लुकलुकू लागली. दोन अक्षरं आली, पुसली. पुन्हा आली, पुन्हा पुसली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती हलली नाही.

'तो : लिफ्ट केव्हाच सुरू झाली होती. मीच बटण दाबत नव्हतो.'

तिने डोळे पुसले आणि समासात वाचक म्हणून पहिला शेरा लिहिला :

'हीरोईनचाही हात बटणापर्यंत पोचत होता. रविवारी ये. आमच्याकडे जिनाच आहे.'