‘येते’ म्हणून गेलेल्या आजी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा.

कल्पना करा, तुम्ही अशा देशात आहात जिथे रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा तुमच्याशी बोलत नाहीत. जिन्यात ओल्या कोटांचा वास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आतली खोली इतकी लहान, की पलंगावरून पाय खाली सोडला तर तो थेट दारातच पडतो. आई कामावर गेली आहे. घरात तुम्ही एकटे.

आणि कोणीतरी दार वाजवतं...

बाहेरचं नाही. आतल्या खोलीचं.

आणि तेही आतून.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या भाचीच्या घरी घडलेली. रात्री नव्हे, भर दुपारी. भुतं घड्याळ बघून येतात असं ज्याला वाटतं, त्याने ती जरूर ऐकावी.

भाचीची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. परदेशात विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरल्यावर एकदाचं घर मिळालं, आणि मालक निघाला आपल्याच भाषेचा! आईला आभाळ ठेंगणं झालं.

“मालक-बिलक काय म्हणता? काका म्हणा,” तो म्हणाला आणि भाडेकरार टेबलावर सरकवला. “वाचत काय बसताय? सगळे करार सारखेच. मी काय परका आहे?”

आईने न वाचता सही केली.

परक्याचा कागद आपण भिंग लावून वाचतो. आपल्या माणसाचा मात्र वाचत नाही. त्याला वाईट वाटेल ना!

काकांनी एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती. ते केव्हाही येत. न कळवता, दार न वाजवता. पातेल्यावरचं झाकण उचलून बघत, कपाट उघडून बघत. कोणी पाहिलंच तर म्हणत, “सहज आलो गं.”

एकदा चहा पिताना त्यांनी आधीच्या भाडेकरणीची गोष्ट सांगितली. हसत हसत.

“म्हातारी होती एक, कपडे शिवायची. आपल्याच भाषेची. आतल्या खोलीत राहायची. मला खोली रिकामी हवी होती. ती बाहेर गेली आणि मी कुलूपच बदललं. सामान जिन्यात! भांडेल असं वाटलं होतं. तर गाठोडं उचललं आणि म्हणते कशी, ‘येते हं!’ मी म्हटलं, अहो आजी, येते काय? जाते म्हणा, जाते! तर मलाच शिकवते, ‘जाते म्हणू नये, बाळा.’”

काका पोट धरून हसले.

“मग त्या कुठे गेल्या?” खारूने विचारलं.

“बसथांब्यावर बसली रात्रभर. थंडी होती. सकाळी...” ते थांबले. “वय झालं होतं गं तिचं.”

चहातली साखर केव्हाच विरघळली होती. तरी काका ढवळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी खारू शाळेतून येऊन गृहपाठाला बसली होती.

टक्... टक्...

“येऊ का आत?”

आवाज म्हातारा होता. दमलेला.

“या ना!” खारू म्हणाली. वहीतून डोकंही वर न काढता. आपल्या घरांत असंच म्हणतात ना? कोण, कुठून, हे नंतर विचारायचं.

मग तिच्या लक्षात आलं...

आवाज आतल्या खोलीतून आला होता.

तिने दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीवरची कबुतरं नव्हती. नळाची टपटप थांबली होती. पलंगावरच्या चादरीला मात्र मधोमध खळगा पडला होता, कोणीतरी बसल्यासारखा.

त्या संध्याकाळी खारूच्या स्वेटरचं लोंबणारं बटण घट्ट शिवलेलं होतं. खारूला वाटलं, आईने शिवलं. आईला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

त्यानंतर एका रविवारी आई न्हाऊन केस पुसत होती. मागे वळली, तर दारात काका.

“सहज आलो.”

आईने टॉवेल अंगावर ओढून घेतला. ते गेल्यावर तिने करार काढला, शब्दकोश काढला आणि खारूला शेजारी बसवलं. मायलेकी एकेका ओळीचा अर्थ लावत गेल्या. काय निघालं त्यातून? भाडं वेळेवर द्यायचं, घर नीट राखायचं, काही मोडलं तर मालकाला सांगायचं. ही झाली आपली बाजू. आणि मालकाची? आधी कळवल्याशिवाय घरात यायचं नाही. न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणाला बाहेर काढायचं नाही. परस्पर कुलूप तर बदलायचंच नाही.

“म्हणजे आई, भाडं देतो तोवर हे घर आपलं?”

“आपलंच.”

“मग त्या शिवणाऱ्या आजींचंही होतं?”

आईने करार मिटला.

पुढच्या वेळी काका आले, तेव्हा आईने त्यांना ती ओळ बोट ठेवून दाखवली. काकांचे कान लाल झाले.

“माझ्याच घरात मला कायदा शिकवता? आपली माणसं म्हणून डोक्यावर घेतलं, तर मिऱ्या वाटायला लागलात! बघतोच आता.”

मग तो दिवस आला. खारूला ताप होता. ती घरीच निजली होती, आई कामावर. किल्ली फिरली आणि काका आत शिरले. एका हातात नवं कुलूप, दुसऱ्या हातात पेचकस. कपडे कसेबसे बॅगांत कोंबून त्यांनी बॅगा जिन्यात फेकल्या.

“आईला सांग, रस्ता मोकळा आहे.”

“काका, मग आम्ही झोपायचं कुठे?”

“बसथांबा आहे की!” काका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

टक्... टक्...

हसू थांबलं.

“आत कोण आहे?”

“आजी असतील,” खारू म्हणाली. “त्या दार वाजवून येतात.”

“कसल्या आजी? कोणाला लपवलंयस?”

काकांनी पेचकस घट्ट धरला आणि दाराला लाथ घातली. आत गेले.

त्यांच्यामागे दार मिटलं. अगदी हळू. झोपलेल्या मुलाची झोप मोडू नये म्हणून मिटतात तसं...

“न विचारता आलास, बाळा?”

आत पेचकस खणकन खाली पडला.

“मी म्हटलं होतं ना, येते म्हणून?”

मग आतून दारावर मुठी आदळू लागल्या.

“खारू! उघड! कडी काढ!”

त्या दाराला बाहेरून कडी नव्हतीच. कधीच नव्हती.

“आजी, चुकलो! थंडी... किती थंडी आहे इथे... आई गं!”

खारूने दाराला हात लावला. लाकूड बर्फासारखं गार. आणि अगदी तिच्या कानाजवळ, दाराच्या पलीकडून, कोणीतरी मायेने विचारलं...

“याला जाऊ देऊ का गं, बाळ?”

काका पुन्हा कोणालाच दिसले नाहीत. पोलीस आले, त्यांनी खोली पाहिली. रिकामी. खिडकीला आतून खिट्टी. पलंगाखाली पेचकस. मायलेकी पुढे कित्येक वर्षं त्याच घरात राहिल्या. न विचारता कोणी आलं नाही.

खारू आता मोठी झाली आहे. हे सगळं तिनेच मला सांगितलं. एक गोष्ट मात्र मला अजून झोपू देत नाही. मी तिला विचारलं, “तू काय उत्तर दिलंस?”

“काहीच नाही.”

“अगं, तो आत ओरडत होता. मग तू केलंस तरी काय?”

खारू शांतपणे म्हणाली, “मी जिन्यात गेले. आमच्या बॅगा एकेक करून घरात आणल्या. आणि बाहेरचं दार लावून घेतलं.”