राखेतली नर्तकी

“राखेतून आत्ताच काढू नका. वरून गार लागेल, पण आतून अजून तापलेली आहे,” उन्मेषने बजावलं होतं. राजसीने ते हसण्यावारी नेलं.

ती उल्हासनगरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. त्या दुपारी अंबरनाथला उन्मेषच्या काचकामाच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये आली होती, ती लॅबमधली फुटकी काचेची नळी, कंडेन्सर, जोडून घ्यायला. आणि खिडकीत बघते तर काचेची माणसं… बोटभर उंचीची. एक बाई केस बांधत होती, एकजण डोक्यावरचं ओझं सावरत होता. चेहरा कुणालाच नव्हता, तरी कोण दमलंय, कोण खुशीत आहे, लगेच कळत होतं. बघता बघता राजसीचा हात आपसूक वर गेला, बोटं वळली…

“तुम्ही नाचता,” ज्योतीसमोर घालायच्या गुलाबी चष्म्याआडून तो म्हणाला.

“नाचायचे.”

त्याने काचेची कांडी उचलली. निळ्या ज्योतीत काच फिरवत गुडघे वाकवलेली एक नर्तकी घडवली आणि हळूहळू निवावी म्हणून गरम राखेच्या डब्यात पुरली. उद्यापर्यंत राहू दे म्हणाला. पण बाहेर रिक्षा थांबलेली, राजसीला कुठला धीर? रुमालात गुंडाळून घेऊनच गेली.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला, खरवईच्या घरात, शोकेसमध्ये कुणी हातही न लावता नर्तकीच्या उजव्या गुडघ्याला तडा गेला. स्टेजवर पडून राजसीचाही हाच गुडघा गेला होता. डॉक्टरांनी केव्हाच परत नाचायची परवानगी दिली होती, घुंगरू मात्र अजून माळ्यावरच. फेब्रुवारीच्या कार्यक्रमात नाव घालू का, असं नृत्याच्या बाई विचारत होत्या, आणि ती टाळत होती. घरच्यांना वाटायचं, पोरगी सावरली. तीच तसं सांगायची ना.

शनिवारी ती तडकलेली नर्तकी घेऊन उन्मेषकडे गेली आणि सगळं त्याला सांगून बसली. तो रागावला नाही.

“घाई झाली, एवढंच. परत करू. पण कसं उभं राहायचं ते तुम्हीच दाखवायचं.”

मग दर शनिवारी ती दाखवू लागली. आधी नुसते हात, मग मान, मग भिंतीला धरून गुडघे. तो बघायचा… जरा जास्तच वेळ बघायचा आणि काच वितळून ओघळायची. तिने चिडवलं की चूक ज्योतीवर ढकलायचा. एका शनिवारी तिने भिंत सोडली. त्याच संध्याकाळी बाईंना होकार कळवला.

“एकटीच का उभी केलीत?” नवी नर्तकी बघून तिने विचारलं. “शेजारी कुणीतरी हवं.”

“कोण?”

“चष्मेवाला.”

तो लाल झाला. “एवढ्याशा माणसाला चष्मा कसा घालणार?”

“मग काढून ठेव ना,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्याला ‘तू’ म्हटलं होतं.

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. “राजसी… ही जोडी घडवली, तर राखेत नीट निवू देशील ना?”

“या वेळी थांबेन,” ती म्हणाली.

फेब्रुवारीत ती नाचली. पहिल्या रांगेत तो होता, मांडीवर त्या जोडीचा राखेचा डबा धरून.

तुमच्याही ओळखीत असेल कुणी, वरून गार दिसणारं, आतून अजून तापलेलं. नुकती आई झालेली बहीण, नाही तर हल्ली गप्प झालेली मैत्रीण. आज तिच्याकडे जाऊन या. ‘मी बरी आहे’ म्हणाली, तरी लगेच उठू नका. जरा बसा.