जोडव्यांचा सूर

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ओतकाम तपासतो. लोखंडाच्या पोटातली भेग बाहेरून हुडकायची, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळं कॅम्पातल्या राघवेंद्र सरांनी टेबलावर तीन मेटल डिटेक्टर मांडले तेव्हा मी काही हरखून गेलो नाही. सर सैन्यातून निवृत्त झालेले, आता घरातूनच असली यंत्रं विकतात.

"पहिलंच घेताय? किल्ल्यात-बिल्ल्यात न्यायचं असेल तर मी देत नाही हं."

"नदीत न्यायचंय. जोडवी हुडकायची आहेत."

"पाणी किती?"

"आता उन्हाळ्यात गुडघ्याला."

"मग हे स्वस्तातलं नको. याची चकती भिजली तर चालते, वरचा डबा भिजला की संपलं. नदीत पाय घसरतोच. हे तिसरं समुद्रावरचं, पण ते लोखंड कुठलं न् चांदी कुठली सांगत नाही. खिळे उकरून मराल. हे मधलं घ्या. जमिनीवर चालतं, पाण्यातही चालतं."

चांदीवर चालवून दाखवा म्हटलं. सरांनी आत हाक मारली. त्यांच्या बायको, सुनंदाबाई, कणकेच्या हातानं बाहेर आल्या आणि हसत पाय पुढं केला. लोखंडी खुर्चीवर नुसतं घरघरणारं यंत्र त्यांच्या बोटांवर लख्ख, बारीक वाजलं. दुसऱ्या पायावरही तसंच. आमच्या घरात आता असा पाय उरला नव्हता. आईची जोडवी बाबा गेले त्या दिवशी उतरली, आणि रूपालीची नदीत होती.

रूपाली माझी बायको. गेल्या श्रावणात तापानं गेली. आमच्यात सवाष्ण गेली की जोडवी पायातच ठेवून अग्नी देतात. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती चांदी वेचायची आणि वर्ष भरायच्या आत सोनाराकडून तिचाच टाक, गेलेल्या माणसाची पत्र्यावर उमटवलेली प्रतिमा, करून देवघरात बसवायचा. टाक बसला की तिला घरात जागा मिळाली. पण त्या दिवशी मार्कंडेय नदी दुथडी भरून चाललेली, पाऊस उघडेना, आणि भावकू आप्पांनी, माझ्या चुलत्यांनी, घाईत राखेची अख्खी बुट्टीच पाण्यात उपडी केली.

"नव्या चांदीचा करूया की रं," आप्पा म्हणत होते. नव्या चांदीत रूपाली कुठून येणार? मला तिचीच चांदी हवी होती. बाकी वर्षभर मला काही हवंसं वाटलंच नव्हतं. वाढलं की जेवायचो, बोलावलं की जायचो. कंग्राळीतले लोक म्हणायचे, विक्रम घट्ट काळजाचा आहे. घट्ट कसला! आत काही हलतच नव्हतं.

रविवारी सकाळी नदीत उतरलो. खिळे, बाटल्यांची बुचं, शेंदूर लागलेली नाणी. कंटाळा आला होता तेवढ्यात तो सूर आला. लख्ख, बारीक. वीतभर पलीकडं आणखी एक, किंचित पुढं. मी वाळू उपसली, चाळली. काही नाही. पुन्हा चकती फिरवली तर सूरही नाही. खोटा इशारा मला नवा नाही, ओतकामातही येतो. जागेवर काठी रोवून घरी आलो.

पुढच्या रविवारी काठीपाशी यंत्र गप्प होतं. सूर आला तो काठाच्या बाजूला, धुण्याच्या दगडाजवळ. तसेच दोन. एक किंचित पुढं.

त्यानंतर काठावर, कोरड्या मातीत. मग बटाट्याच्या रानातल्या पायवाटेवर. उकरलं की काही नाही.

मी चिडलो. यंत्र उचललं आणि थेट कॅम्प गाठला. सरांनी बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या, पुन्हा सुनंदाबाईंचा पाय पुढं करायला लावला. यंत्र दोन्ही पायांवर व्यवस्थित वाजलं.

"मशीन ठणठणीत आहे," सर म्हणाले. "वाटेवर कुणी चांदी सांडली असेल."

"उकरलं की सापडत नाही."

 सरांनी बाईंना आत जायला सांगितलं.

त्या संध्याकाळी हौदावर पायाचा चिखल धूत होतो. आई परसात शेंगा निवडत होती. सुरांबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"कुठवर आली?" तिनं विचारलं.

"कोण?"

ती शेंगा निवडत राहिली.

सूर अंगणात आला. मग पायरीवर. मग उंबऱ्याच्या बाहेर, अगदी लागून, आणि तिथंच थांबला. रोज कामावरून आलो की चकती धरायची, रोज तिथंच. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आत जाताना मी तेवढी जागा सोडून पाय टाकू लागलो. मग पाहिलं, तर आईही तशीच ये-जा करत होती.

"आत का येत न्हाय ती?" एक दिवस मीच विचारलं.

"टाक न्हाय, आत कशी येईल? आता हट्ट सोड, इक्रम. नव्या चांदीचा का हुईना, करून आण."

करून आणला. वर्षश्राद्धाला भटजींनी मंत्र म्हटले, टाक देवघरात बसला. आप्पा जेवून, तोंडात पान घालून गेले. घर रिकामं झालं.

दुपारीच मी यंत्र काढलं. उंबऱ्यापाशी धरलं.

गप्प.

मी चौकटीला टेकून खाली बसलो आणि रडलो. वर्षात पहिल्यांदा. आली एकदाची आत, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

मग उठून देवघरापुढं गेलो. टाकावर चकती धरली. यंत्र वाजलं, पण जाड, दबक्या सुरात. नवी चांदी. हा सूर तिचा नव्हता.

आई खांबाला टेकून, पाय पसरून बसली होती. वळताना चकती तिच्या पावलांवरून गेली.

लख्ख, बारीक.

मग दुसऱ्या पावलावर. तसाच.

मी वाकून पाहिलं. बोटं मोकळी होती. बाबा गेल्यापासून मोकळीच होती.

"सापडली न्हवं?" आई म्हणाली. "बंद कर की मग ते."

आणि तिनं लुगड्याचा काठ हळूच बोटांवर ओढून घेतला.