मागून येणारी पेटी

टक... टक टक... टक.

हा ओळखीचा आवाज सोमाजीनं पुन्हा ऐकला तो दोन हजार तीन सालच्या फाल्गुनात, भर दुपारी. वारूळवाडीच्या घरी ओट्यावर बसून तो टोमॅटोचे क्रेट पुसत होता. आवाज आतल्या खोलीतून येत होता आणि आत कुणी नव्हतं. मुलगा भरत आणि सूनबाई मळ्यात, नात आरोही शाळेत. जिच्या बोटांचा हा आवाज, त्या साळुबाईला, त्याच्या बायकोला, जाऊन सतरा दिवस झाले होते.

तो आत गेला. टीव्ही बंद होता. पाटावर गेमचा रिमोट पडला होता. त्याचं लाल बटण साळुबाईच्या मिश्रीच्या बोटानं कधीचं काळं पडलेलं. सोमाजीनं त्याला हात लावला. बटण ओलं होतं.

अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण चाळीस वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली, तिला माणसानं घाबरायचं तरी किती?

तो गेम भरतनं पुण्याच्या जुन्या बाजारातून आरोहीसाठी आणला होता. जपानी गेम. चार गडी एकामागं एक रानातून, डोंगरातून चालत जायचे, वाटेत राक्षस आडवे यायचे, शेवटी मोठ्या राक्षसाला मारून राजाच्या वाड्यात परतायचं. सगळी अक्षरं जपानी. आरोही आठ दिवसांत कंटाळली. साळुबाई मात्र चिकटली ती चिकटलीच.

"अगं, त्यात काय लिवलंय ते तरी कळतं का तुला?" सोमाजी विचारायचा.

"तुमी चौथी शिकल्यालं, म्हणून तुमाला अडतं," ती म्हणायची. "मला मराठीबी वाचता येत न्हाई न् जपानीबी न्हाई. मला सगळं सारखंच."

गडी मेला की त्याच्या जागी लांबट पेटी दिसायची आणि ती बाकीच्यांच्या मागं मागं यायची. देवळात नेली की पुजारी मेलेल्याला उठवायचा. साळुबाईचा चौथा गडी, एक दाढीवाला म्हातारा, डोंगरात मेला आणि त्याच आठवड्यात तिनं अंथरूण धरलं. पेटी तशीच राहिली.

दशक्रियेला मीना नदीच्या घाटावर कावळा शिवेना. भरतनं गाय विकणार नाही म्हणून सांगितलं. सूनबाईनं आबांची आबाळ होऊ देणार नाही म्हणून सांगितलं. ऊन चढलं. मग आरोही पिंडापाशी आली आणि पुटपुटली, "आज्जी, तुजा गेम आमी पुरा करू."

कावळा झेपावला.

माणसं हसली. सोमाजी हसला नाही. शब्द दिला तो दिला. आता तो पुरा होईतोवर साळुबाई अडकून पडणार.

म्हणून बटण ओलं दिसलं त्या दिवसापासून तो रोज जेवण उरकून पाटाशी बसू लागला. बोटं नांगराची, बटणं एवढीएवढीशी. वाटेत दिवा दिसला की तिथं मुक्कामाची खूण ठेवायची, म्हणजे लाईट गेली तरी खेळ तिथूनच सुरू होतो, हे आरोहीनं शिकवलं. लाईट रोज तीनला जायची. पण दुसऱ्या दिवशी टीव्ही लावावा तर गडी खुणेच्या पुढं. काल ओढ्याच्या अलीकडं ठेवलेले, आज पलीकडं.

"आरू, तू खेळलीस व्हय?"

"न्हाई आबा. मला वाटसुदिक आठवत न्हाई."

सोमाजीनं पुन्हा विचारलं नाही. उसाला पाणी देताना एकानं अर्धा वाफा सोडावा आणि दुसऱ्यानं तो भरून घ्यावा, तसं चाललं होतं. तो दुपारची वाट बघू लागला. पाटाशेजारी मिश्रीची डबी ठेवू लागला.

वैशाखात मोठा राक्षस आला. सोमाजी त्याच्याशी सात वेळा हरला. आठव्यांदा आरोही शेजारी बसली होती. एक गडी पडला, दुसरा पडला. आता एकच उभा आणि त्याच्या मागं तीन पेट्या.

सोमाजीनं रिमोट पाटावर ठेवला. हात मांडीवर घेतले.

"माज्यानं न्हाई व्हत गं," तो म्हणाला. आरोहीला नव्हे.

टक... टक टक... टक.

लाल बटण आपोआप खाली जात होतं. खोलीत मिश्रीचा करपट वास भरला.

"आबा... कोण..."

"गप बस. तिला खेळू दे."

राक्षस कोसळला. राजाचा वाडा आला, वाजंत्री सुरू झाली. दोन पेट्या उघडल्या. गडी उठले, एकेक जण खालच्या चौकटीत अक्षरं उमटवून बोलला. मग सगळ्यात मागची पेटी उघडली. तिच्यातून दाढीवाला म्हातारा निघायला हवा होता. निघाली एक बुटकी बाई, डोक्यावर हिरवा पदर.

आरोहीनं त्याचा दंड गच्च धरला. "आबा... पंखा बघा..."

पंखा थांबला होता. विहिरीवरची मोटारही गप्प. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते. लाईट कधीच गेली होती.

टीव्ही चालूच होता.

बाई सोमाजीच्या गड्यासमोर येऊन थांबली. कितीतरी दिवसांनी त्याला छातीत हलकं वाटलं. आता ही काय म्हणते म्हणून तो खाली चौकटीच्या जागी बघत राहिला. अक्षरं जपानी असती तरी त्याला कळली असती.

चौकट आली नाही. बाई वळली आणि एकेक पाऊल टाकत पडद्याच्या कडेनं निघून गेली.