विमानाला दीड तास

"मॅडम, नागपूरवरून पुण्याले विमान किती वेळात जाते?"

परतीच्या पावसानं भिजलेलं हेल्मेट काखेत धरून तो काउंटरपाशी उभा होता. भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोर भय्याजींचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. तिथं मी कामाला.

"दीड तास."

"अन् सडकेनं?"

"सातशे किलोमीटरच्या वर."

मान हलवून तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न... तिसऱ्या दिवशीही.

"काहून हो, विमान कालच्यापेक्षा हळू चालून राहिलं का?" मी विचारलं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तिकीट तर पहिल्याच दिवशी मोबाईलवर काढलं होतं. तुमच्याशी खोटं नाही बोलवत."

अनुप त्याचं नाव. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरात वाढलेला, पुण्यात नोकरी लागलेली. मला तो तिथंच आवडला — पकडला गेल्यावर सबब न शोधणारा. जायला बारा दिवस होते. त्यातले अकरा दिवस तो आमच्या दुकानातला पाणचट चहा प्यायला आला.

दिवस मावळताना मी रोज बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावते, त्रिशरण-पंचशील घेते. तेवढा वेळ फोन बंद. हे ऐकून तो हसला नाही.

"मग दिवस बुडला की फोन करत जाईन," तो म्हणाला. "अन्... लग्न करून पुण्याले याल का, ते सावकाश सांगा. घाई नाही."

फोन रोज आला. पण रोज उशिरा. वंदना आटोपायची, मेणबत्ती अर्धी व्हायची, तेव्हा कुठं घंटी वाजायची. दूर गेलेलं माणूस आधी उशीर करतं, मग विसरतं, असं आई म्हणते. होकार ओठांवर यायचा, अन् मी तो गिळून टाकायची.

धान कापून झाल्यावर एका संध्याकाळी मी विचारलंच. "विमानानं दीड तासात पोचलात, अन् फोनले रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर कायले?"

"उशीर नाही होत..." तो अडखळला. "इकडे पश्चिमेले दिवसच तेवढा उशिरा बुडते. गच्चीवर उभा राहतो. बुडला की मीही शील घेतो, मग फोन करतो."

"तुम्ही? कधीपासून?"

"आलो त्या दिवसापासून. आई गेल्यावर सुटलं होतं माझं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"दाखवायले थोडी घेतो, मॅडम."

मी खिडकीशी गेले. शेताकडून धानाच्या ताज्या तणसाचा वास येत होता. इथून मावळलेला सूर्य रोज त्याच्या गच्चीवर जात होता... आणि तिथं तो हात जोडून उभा.

"तृप्ती," तो पहिल्यांदाच नुसतं नाव घेत म्हणाला, "माझी आठवण येते?"

लाजेनं 'नाही' तोंडावर आलं होतं. पण खोटं बोलणार नाही, हे शील आत्ताच तर घेतलं होतं.

"येते," मी म्हटलं. "तुमच्या बाबांना घेऊन घरी या. इकडे यायचं तिकीट तुम्ही काढा. जायचं मी काढीन..."

"एकच?"

"दोन."