तीन पावलं आत

ज्या जिभेने रोज देवाचं नाव घ्यायचं, त्या जिभेने खोटं सांगू नये. हे कांतासोबत खरंच घडलं, आणि घडलं तसंच इथे लिहिलं आहे.

साल १९८६. चैत्रातली अमावास्या, गुरुवार. एटापल्लीच्या पुढचं, जंगलातलं एक लहानसं गाव.

कांताचा भाऊ तिथे शाळामास्तर. ती चंद्रपूरच्या कॉलेजात हॉकी खेळायची. पंधरा दिवसांनी नागपूरला विद्यापीठाच्या संघाची निवड होती, आणि सरांनी तोंडावर सुनावलं होतं, "पाय मांगं राह्यते तुझा. असाच फटका मारशील तर घरीच बस."

म्हणून सुट्टीत भावाकडे आल्यावरही, उन्हं उतरताच ती स्टिक घेऊन गावाबाहेर गेली.

तिथल्या मोकळ्या जागेत दोन दगड उभे होते. गुडघाभर उंच. आयता गोलच! फक्त अंतर जास्त. तिने डावीकडचा दगड हलवून हलवून उपटला आणि तीन पावलं आत आणून रोवला.

मागे खड्डा राहिला. तिने वळूनही पाहिलं नाही.

पहिला फटका. चेंडू दगडांमधून झुडपात गेला.

आणि पाखरं गप्प झाली...

ठक्!

चेंडू परत आला. सरळ तिच्या डाव्या घोट्यावर.

"कोन हाये रे?"

कोणी नाही. पाचोळासुद्धा वाजला नाही.

तिने पुन्हा मारला. पाय पुन्हा मागे राहिला...

ठक्! त्याच घोट्यावर. आता डूख धरून मारावं तसा.

तिसऱ्यांदा भीतीनेच पाय पुढे पडला, अगदी चेंडूच्या शेजारी. फटका गोळीसारखा सुटला.

यावेळी चेंडू आला नाही.

इथेच थांबायचं. पण लोभ वाईट. ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही. चुकलं की मार, जमलं की शांतता. घोटा काळानिळा झाला आणि फटका पक्का होत गेला.

आठव्या दिवशी सुकरी तेंदूपत्त्याचा भारा घेऊन तिथून जात होती. ती मास्तरांकडे पाणी भरायची. दगड पाहून तिच्या डोक्यावरचा भारा खाली पडला.

"दगड कोनं हालवला?"

"मीनं. गोल लई मोठा होत होता न, बाई."

"गोल? माह्या भावाचा दगड हाये तो. पोचूचा! आमच्यात मानूस गेला का दगड उभा करते. काऊन हात लावला वो?"

"ठेवतो न परत. निवड होऊ दे फक्त."

"जितेपनी त्याले कोनी जागेवरून उठवू नाई शकलं. अन् तू उठवलं? आत्ताच ठेव!"

दोघी खड्डा शोधायला वळल्या.

खड्डा नव्हता...

जमीन सपाट. वर जुनं वाळलेलं गवत, मुळांसकट. गावातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून मारली तर आत जाईना. सूर्य बुडेपर्यंत शोधलं.

सुकरीने दगडाला हात जोडले. मग ती कांतापासून दूर सरकली.

"त्याची जागा गेली. आता तो तुह्याच बाजूले उभा राहीन."

"बाजूले म्हंजे कुठी?"

सुकरी कांताच्या डावीकडे नुसती पाहत राहिली...

नागपूर. पाच फटके, पाच गोल. सर हसून म्हणाले, "आता बसला न फटका!"

सहावाही जाळ्यात गेला. तेवढ्यात वर्ध्याची एक पोरगी कांताच्या डावीकडून धावत निघाली.

ठक्!

पोरगी किंचाळत कोसळली. घोट्याचा चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, चेंडू लागला. पण चेंडू जाळ्यात पडलेला साऱ्यांनी पाहिला होता.

यादीत पहिलं नाव कांताचं होतं. तिने ते वाचलं, स्टिक तिथेच टाकली आणि घरी आली. पुन्हा खेळली नाही.

आता ती चामोर्शीला असते. देवळाच्या रांगेत, आठवडी बाजारात, कुठेही उभी राहिली की डावीकडे तीन पावलं जागा सोडते. कोणी तिथे येऊ लागलं की ओरडते, "तिकडून नोको!" कारण सांगत नाही. कुत्रीसुद्धा त्या जागेला वळसा घालून जातात.

तिची नात नुकती चालायला लागली आहे. आजी दिसली की हात पसरून धावत सुटते.

तिला अजून डावं-उजवं कळत नाही...