रुपीबाईंच्या पश्चात

निधनवार्तेची खात्री करायला मी मारेगावजवळच्या तांड्यावर गेले, तर जिचं निधन झालं होतं तिनेच मला पाणी आणून दिलं.

‘‘तुम्ही... रुपीबाई?’’

‘‘हो. बस बाई. चहा घेशीन?’’

श्रद्धांजलीसाठी आणलेली फुलं माझ्या हातून पडली.

आमच्या पेपरात मरायचं तर माणूस निदान माजी सभापती तरी लागायचा. बाई गेली तर ‘अमक्यांच्या मातोश्री’; नाव गुलदस्त्यात. मी संपादकांशी भांडून निधनवार्तांचं सदर सुरू केलं – बंजाऱ्यांचा तांडा असो, कोलामांची वस्ती म्हणजे पोड असो, कुणीही असो, नाव आणि काम छापायचं. त्यांची अट एकच: ‘‘सलोनी, एक चूक, अन् सदर बंद.’’

मजकूर पाठवणारा नातू दाराआड उभा होता. बादल. डोळे असे, की रागवायचं काय होतं तेच मी विसरले...

‘‘जित्या माणसाची निधनवार्ता काहून पाठवली?’’

‘‘दादी म्हणे, मेल्यावर मले कोण वाचून दाखवन? म्हणून आधीच. तारीख कुठं टाकली मी, मॅडम?’’

खरंच, तारखेची जागा कोरी होती.

रुपीबाईंनी उभ्याउभ्या दुरुस्त्या सांगितल्या. ‘‘बाळंतपणं चारशे नाही, चारशे बारा केली. अन् ‘भीमसिंगची बायको’ शेवटी टाक. तो बी सगळीकडं शेवटीच पोचे.’’

दुरुस्त मजकूर बादल पाठवायचा. दर वेळी त्यात नवी चूक, दर वेळी मी तांड्यावर! तिसऱ्यांदा तो मला मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडत होता, तेव्हा मी विचारलं,

‘‘इतक्या चुका होतात कशा?’’

‘‘मेहनत लागते, मॅडम.’’

मी घरापर्यंत हसत गेले. मग घाबरले. मग पुन्हा हसले. मला नक्की काय झालंय, कळेना.

चौथ्या मजकुरात शेवटची ओळ होती – ‘त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नातू बादल व नातसून सलोनी असा परिवार आहे.’

‘‘हे कोणी लिहिलं?’’ तांड्यावर पोचताच मी विचारलं.

बादलने दादीकडे बोट दाखवलं. दादीने बादलकडे.

‘‘हे खोटं आहे. छापलं तर माझं सदर जाईल!’’

‘‘मंग...’’ बादल दाराशी बांधलेल्या शेळीकडे बघत म्हणाला, ‘‘खरं करून टाकू ना... तुम्ही म्हणसान तर.’’

मी लाल पेन उघडला. बादलची नजर शेळीवरून पेनाकडे वळली. मी ओळ दोनदा वाचली, आणि पेनाचं टोपण लावलं.

‘‘यात दुरुस्ती नाही,’’ मी म्हणाले.

रुपीबाई कागदावर वाकल्या. ‘‘त्याच्या म्होरं पणतवांले जागा सोड, बाई. मले काई घाई नाही.’’